लग्नाची पांढरी शाल

पांढरी लोकर मी मुलीच्या लग्नासाठी आणली होती. आमच्या बौद्ध घरांत नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते. लग्न डिसेंबरातलं, वेळ सकाळची, आणि आदिलाबादची थंडी काय असते हे हैदराबादेत नोकरी करणाऱ्या पोरीला दोन वर्षांत विसरायला झालं होतं. पातळ साडीत ती वंदनेला बसेल आणि दात वाजवत राहील, म्हणून तिच्या बाबांनीच सुचवलं होतं, "तुले येते ना विणता, मंग एक शाल विण तिच्यासाठी. पांढरीच."

ते तहसील कचेरीत कारकून होते. संध्याकाळी चहा घेऊन माझ्यासमोर बसायचे आणि कोणाची मिसल, म्हणजे फाइल, कुठे अडकली, कोणाचा अर्ज, त्यांच्या भाषेत दरख्वास्त, कसा परत आला, ते रंगवून सांगायचे. मी ऐकायची आणि माझे टाके चुकायचे. मग मी त्यांच्यावर चिडायची, ओळ उसवायची, पुन्हा विणायची. शाल अर्धी झाली असताना ते गेले. कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्या छातीत कळ आली, आणि मी शिकवते त्या जैनथच्या शाळेतून बस धरून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. शालीचा त्यानंतरचा भाग अगदी एकसारखा आला आहे.

मी रडले नाही. बायका माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या, रडून घे म्हणत होत्या, आणि मी त्यांना पाणी हवं का विचारत होते. लोक म्हणाले, धक्का बसला आहे, येईल रडू हळूहळू. आलं नाही. एरवी मी रागाची बाई. वर्गात आवाज चढवला तर शेजारच्या वर्गातली पोरंही गप्प बसतात. पण तो रागही कुठे गेला होता कोण जाणे. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, मी शाळेत रुजू झाले आणि मधल्या सुट्टीत विणायला बसू लागले. एक ओळ सुलटी, एक उलटी. त्याला काही वाटावं लागत नाही.

मुलगी लग्न पुढे ढकलायचं म्हणत होती. मी नाही म्हणाले. तारीख आणि हॉल तिच्या बाबांनी ठरवला होता, आणि दुसरं काही ठरवण्याची ताकद माझ्यात नव्हती. पण हे मी तिला सांगितलं नाही. फक्त "नाही" म्हणाले.

मग थंडी पडली. सकाळी बस स्टँडवर माणसं मफलर, कानटोप्या घालून हात चोळत उभी असायची आणि मी साध्या सुती साडीत. माझ्या हातावर काटा आलेला मला दिसायचा, पण थंडी वाजायची नाही. मी त्या काट्याकडे दुसऱ्या कोणाच्या हातावरचा असावा तसं पाहायची.

शाळेत माझ्या हातातल्या लोकरीवरून वेगळीच कुजबुज चालली होती. नुकतीच नवरा गेलेली बाई पांढरी शाल विणते, म्हणजे स्वतःसाठीच विणत असणार, असं सगळे धरून चालले होते. एक बाई माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाली, "बाई, इतक्यात पांढरं काऊन? अजून काय वय झालं तुमचं?" दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर मरून रंगाच्या लोकरीचा एक गुंडा ठेवलेला होता. मनाची चांगली माणसं आहेत. आमच्यात पांढरा रंग लग्नाचा असतो, ही शाल मुलीची आहे, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्याजवळ तयारही होतं. पण तोंडापर्यंत आणायला जो जोर लागतो, तो नव्हता.

शाल पूर्ण झाली तेव्हा मी ती शाळेतच घडी करून ठेवली होती. सकाळच्या प्रार्थनेला आमच्या मुख्याध्यापिका, तेलुगू आहेत, माझ्याशी हिंदीत बोलतात, त्यांनी ती उचलली आणि माझ्या खांद्यांवर टाकली. "इतनी ठंड में ऐसे ही खड़ी हैं आप! अपने लिए बनाई है तो ओढ़िए ना." समोर पोरं रांगेत उभी होती. मी शाल तशीच राहू दिली.

एकदा घातली ती रोज घालू लागले. निदान लोकांनी "काहीतरी घाला हो" म्हणणं तरी थांबलं. उलट आता ती कशी घ्यावी यावर स्टाफरूममध्ये चर्चा सुरू झाली. फळ्यावर लिहिताना घसरते, म्हणून डाव्या खांद्यावर पिन लावायची आणि दुसरं टोक उजव्या काखेखालून कमरेला खोचायचं, हे एकीने शिकवलं. निळ्या सुती साडीवर छान दिसते, मोहरी रंगावरही चालते. "पण त्या फुलाफुलाच्या सिंथेटिकवर नका घेत जाऊ, दवाखान्यातली चादर वाटते," असं दुसरीने बजावलं, आणि सगळ्या हसल्या. सांगतील तशी मी घेत गेले. रविवारी गाऊनवर तीच शाल लपेटून भाजीबाजारात गेले. कापसाचा हंगाम, जैनथच्या रस्त्याला कापसाने भरलेल्या गाड्या. बसच्या खिडकीतून तंतू उडून येत आणि लोकरीला चिकटत.

मुलगी लग्नाच्या तयारीला सुट्टी टाकून आली, तेव्हा मी भाजीची पिशवी घेऊन दारातच होते.

"आई, हे माह्यी शाल हाय ना?"

"हो."

"मंग तू काऊन घालून राह्यली?"

"मॅडमनं घातली."

मग ती एकेक गोष्ट काढू लागली. "बाबा गेले तवा रडली नाही. लग्न पुढं ढकल म्हटलं, तर नाही म्हणे. आता माह्या लग्नाची शाल भाजीबाजारात नेऊन राह्यली. तुले काही वाटते का नाही, आई?"

खरं उत्तर "नाही" हेच होतं. ते आईने मुलीला कसं सांगायचं? मी म्हणाले, "चहा ठेवू?" ती आत निघून गेली.

त्यानंतर आम्ही हारांवर बोललो, जेवणावर बोललो, त्यावर मात्र बोललो नाही. मी रिठ्याच्या पाण्यात शाल धुतली, लोकर ताणली जाऊ नये म्हणून गच्चीवर खाटेवर पसरली आणि कापसाचा एकेक तंतू वेचून काढला. आपली आई दगड आहे, हे मनात घेऊन ती सासरी जाणार, एवढंच मला कळत होतं. त्याचंही दुःख होत नव्हतं. फक्त कळत होतं.

लग्नात तिने शाल घेतली. घेणार नाही असं मला वाटलं होतं. शाळेतल्या बाया आल्या, नवरीच्या खांद्यावर ती पाहून एकमेकींकडे बघू लागल्या. मुख्याध्यापिका उतरल्या चेहऱ्याने माझ्याजवळ आल्या. "मॅडम, आपने बताया क्यों नहीं?" मी म्हणाले, "पता नहीं." तेही खरंच होतं.

निघायची वेळ झाली. गाडी तिच्या सासरी, निर्मलला जायची होती. बायकांनी पदर डोळ्यांपाशी आणून ठेवले होते. माझ्या नणंदेने मला कोपराने ढोसलं, "रड ना वो, पोरगी चालली." मी कोरडीच उभी. मुलीने माझे हात धरले.

"हात किती गार पडले तुह्ये," ती म्हणाली, आणि शाल काढून माझ्या अंगावर घालू लागली.

"राहू दे. मले थंडी नाही वाजत."

"माहीत हाय मले." ती अगदी जवळ आली. "मले बी नाही वाजून राह्यली, आई. बाबा गेले तवापासून. ऑफिसात सारे स्वेटर घालून बसते, मी तशीच. त्या दिवशी मी भांडत नव्हती. मले वाटलं, निदान तुले तरी काही वाटत असन."

मी तिला ओढून छातीशी धरलं. मागच्या बायकांना वाटलं, आम्ही रडतो आहोत, आणि त्या सगळ्या मोठ्याने रडू लागल्या.