वीस मिनिटांचे ऊन

शुक्रवार, २८ नोव्हेंबर. सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी मी माझ्या कुटुंबास गच्चीवर बसवून दाराला बाहेरून कुलूप लावले. हे डॉक्टरांच्या सल्ल्याने केले. (कुलूप वगळता.)

कारण असे. हिची हाडे दुखत होती. रक्त तपासले तेव्हा ड जीवनसत्त्व जवळजवळ नसल्याचे निघाले. कराडजवळच्या उसाच्या रानात सारा जन्म गेलेली बाई! परंतु गेली तीन वर्षे आम्ही सांगलीस विश्रामबागेत मुलाच्या फ्लॅटवर राहतो. तेथे ऊन खिडकीच्या काचेपर्यंत येते आणि बाहेरूनच परत जाते.

"जलमभर उनात राबले की मी," ही डॉक्टरांना म्हणाली. "त्ये समदं कुठं गेलं मग?"

"आजी, ते जन्मभर पुरत नाही. आणि काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नसतो. गोळ्या देतोच आहे, पण अकराच्या सुमारास वीस मिनिटं उघड्यावर बसा. दंड, पोटऱ्या, जमलं तर पाठ उघडी ठेवून. वीसच मिनिटं हां! तुम्हाला बीपी आहे."

'पाठ' या शब्दापुढचे हिने काहीही ऐकले नाही. रिक्षात बसल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, "त्या डाक्टराला आई हाय का न्हाई?"

आठ दिवस वाटाघाटी झाल्या. मी गच्चीवरच्या दोऱ्यांना चार साड्या बांधून आडोसा उभा केला. तेवढ्याने भागले नाही.

"कुणी वर आलं तर?"

"मी दाराबाहेर बसतो."

"आन् कापडं वाळत घालाया आलेल्या बाईला काय सांगशीला?"

"परत जा, म्हणून सांगेन."

"म्हंजे भांडण! त्यापरीस कुलूप लावा."

मी बाजारात जाऊन कुलूप आणले. पितळी, जाड, सात लिव्हरचे. घ्यावे तर असे घ्यावे.

तर त्या दिवशी कुलूप लावून मी पायरीवर घड्याळ पाहत बसलो. शेजारी कागदांची पिशवी होती, पायांत बूट होते. पेन्शनसाठी नोव्हेंबरअखेरपर्यंत लागणारा हयातीचा दाखला देण्यास मला कराडच्या बँकेत जायचे होते. (दाखला हल्ली मोबाइलवर देता येतो म्हणतात. मी जिवंत असल्याचे समक्ष सांगणे पसंत करतो.) माझ्याच पलटणीतला निवृत्त हवालदार हणमंत माधवनगरहून जीप घेऊन साडेअकराला यायचा होता. हिचे ऊन अकरा दहाला संपणार होते. हिशेब चोख होता.

हणमंत अकराला आला. उभ्या नोकरीत हा मनुष्य कधी वेळेवर आला नव्हता!

खालून भोंगा वाजला. थांब, एवढेच सांगण्यासाठी मी खाली उतरलो.

"चला, सुभेदारसाहेब! उद्या मुंगीला शिराया जागा न्हाई बँकेत. परवा ऐतवार. मग सरकारी कागदात तुमी मेलासा!"

जीपचे इंजिन सुरू होते. दार उघडे होते. तेहतीस वर्षांच्या नोकरीत इंजिन सुरू आणि दार उघडे असलेली गाडी कोणासाठी थांबल्याचे मी पाहिलेले नाही. अशी गाडी दिसली की माझे पाय चढतात. ते चढले.

इस्लामपूरपर्यंत मला काहीतरी टोचत होते. पाहिले तर खिशातील किल्ली. मी ती दुसऱ्या खिशात घातली आणि मला बरे वाटले.

बँकेत पन्नासएक म्हातारे आपण जिवंत असल्याचे सिद्ध करण्यास रांगेत उभे होते. माझा क्रमांक लागायला एक वाजला. काचेमागच्या मुलीने मला कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावयास लावली. मी केली.

"झालं काका, तुम्ही हयात. आता कुटुंबाची माहिती. पत्नी हयात आहेत?"

माझा हात खिशाकडे गेला. किल्ली हाती आली. सबंध गच्ची डोळ्यांसमोर उभी राहिली.

"काका? पत्नी हयात आहेत का?"

"अकरापर्यंत होती," मी म्हणालो.

मागच्या रांगेतील एका गृहस्थाने टोपी काढली.

त्यानंतरचा प्रवास मी सविस्तर सांगणार नाही. ऊन मी पुष्कळ पाहिले आहे. वाळवंटात उन्हाने कोसळलेली धडधाकट माणसे उचलली आहेत. हिचे वय अडुसष्ट. रक्तदाब. जवळ पाण्याचा थेंब नाही. मोबाइल खाली ओट्यावर. कुलूप सात लिव्हरचे!

"साहेब, वैनी लय चिवट हायत," हणमंत म्हणाला.

"बोलू नकोस. चालव."

"चालिवतोच हाय की. पर इंजान तापतंय."

"कशाने?"

"उनानं," तो म्हणाला.

मुलगा कामासाठी परगावी गेला होता. सूनबाई मिरजेच्या शाळेत शिकवते. तासावर असताना तिचा फोन बंद असतो. पेठनाक्यावर तिचाच फोन आला.

"बाबा, तुमचे अकरा फोन! काय झालं? आई कुठंयत?"

"गच्चीवर. उन्हात."

"अजून? वीस मिनिटं ना?"

"वाढली."

"म्हणजे? तुम्ही कुठं आहात?"

"पेठनाक्यावर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "निघते मी." ती चिडली असती तर मला सोपे गेले असते.

तीन वाजून पाच मिनिटांनी मी इमारतीचा जिना चढलो. चार मजले. मध्ये थांबल्याचे स्मरत नाही. गच्चीच्या दारापाशी निम्मी इमारत जमली होती. कपडे काढण्यास वर आलेल्या एका बाईला कुलपामागून आवाज ऐकू आला, म्हणून सर्वांना कळले. सूनबाई हातोडी घेऊन उभी होती. तिघांनी आळीपाळीने घाव घातले होते. कुलूप जागचे हलले नव्हते. मला क्षणभर अभिमान वाटला. तो कोणाच्या लक्षात आला नसावा.

किल्ली भोकात जाईना. सूनबाईने ती माझ्या हातून घेतली आणि दार उघडले.

ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत मांडी घालून बसली होती. बाजूला पाण्याची बाटली आणि अर्धी भाकरी. पलीकडच्या इमारतीतल्या बायकांनी कपड्यांच्या काठीला बांधून दोन्ही पोहोचती केली होती. डोक्यावरून पदर, मनगटापर्यंत अंग झाकलेले. फक्त नाक लाल झाले होते.

"दंड?" मी विचारले. दुसरे काही सुचले नाही.

"कसलं दंड! पलीकडच्या गच्चीवरनं समदं दिसतंय. पदर सोडलाच न्हाई मी."

म्हणजे सव्वाचार तासांत ऊन एकट्या नाकात गेले होते!

"हाका का मारल्या नाहीत?"

"हाका कशाला? तुमी दाराभायेर हायसा म्हणून निवांत बोलत बसले की. गुडघ्याचं सांगितलं. रानातल्या हिरीचं सांगितलं. धाकट्या जावंचं तर समदं सांगितलं. तासभर झाला, तुमचं काय हूं न्हाई, चूं न्हाई."

"मग शंका आली नाही?"

"कशी यील?" ही म्हणाली. "घरात तरी कवा बोलतासा?"

जिन्यात कोणी हसले नाही. हणमंत हसला.

सूनबाईने यंत्र आणून हिचा रक्तदाब पाहिला. ठीक होता. मग माझा पाहिला आणि पुन्हा पाहिला. यंत्र बिघडले आहे, असे मी तिला सांगितले. हिच्या गोळीतली अर्धी मी मागितली, ती तिने दिली नाही; डॉक्टरांना फोन मात्र केला.

पाच वाजता मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन एक कडी आणली आणि ती दाराला गच्चीच्या बाजूने, म्हणजे हिची हिलाच लावता येईल अशी, बसवू लागलो. ही पायरीवर बसून बोलत होती. धाकट्या जावेची हकीकत, पहिल्यापासून. कडीला सहा स्क्रू होते. प्रत्येक स्क्रू आवळताना मी "हं" म्हणालो. सहावा जरा सैल होता, म्हणून तेथे दोनदा म्हणालो.