भाऊजींचं बहिरं यान

आमच्या धाकट्या भाऊजींना, म्हणजे माझ्या दिरांना, काहीही विचारा, उत्तर लगेच यायचं नाही. "चहा घेणार का?" म्हटलं की आधी खिडकीबाहेर बघतील, मग चष्मा पुसतील. तोवर माझा चहा पिऊन कप विसळून झालेला असतो. त्यांचाही दोष नाही म्हणा. बेचाळीस वर्षं ज्या यानाशी त्यांचा संसार चाललाय, त्याला इथून हुकूम पोचायला एकोणीस तास लागतात आणि उत्तर यायला आणखी एकोणीस. अशाने माणूस बिघडणारच.

हे यान चार वर्षांसाठी पाठवलेलं. एका ग्रहाजवळून जायचं, फोटो काढायचे, संपलं काम. पण ते आपलं चालतच राहिलं. इथली माणसं मात्र एकेक करून निवृत्त झाली, काही तर देवाघरी गेली. उरले भाऊजी, वय अडुसष्ट, दर वर्षी नोकरीची मुदत वाढवून घेणारे. यानातली वीज वर्षागणिक थोडी थोडी कमी होते, मग भाऊजी त्यावरचं एकेक उपकरण बंद करतात. धाकटी जाऊ म्हणते, "माझी दाढ सुजली ते यांना तीन दिवसांनी दिसलं. पण त्या डब्यात कुठल्या कोपऱ्यात किती गारठा आहे, ते विचारा, झोपेत सांगतील."

यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आठ आठवडे रजा, जन्मातली पहिली मोठी रजा. मी मदतीला जाऊन राहिले. माझ्या हातचं जेवत आणि माझी बोलणी खात दिवस बरे गेले. रजा संपली, भाऊजी काठी टेकत ऑफिसला गेले आणि दुपारीच परत आले. बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसले.

"काय झालं हो?"

"वहिनी, ते ऐकत नाहीये."

"कोण, साहेब?"

"यान."

मग तुकड्यातुकड्याने सगळं बाहेर आलं. जुन्या लोकांनी यानाला शिकवून ठेवलंय की बेचाळीस दिवस हुकूम आला नाही, तर आपलाच कान, म्हणजे हुकूम ऐकायचं यंत्र, बिघडला असं समजायचं आणि दुसऱ्या कानावर जायचं. पण तो दुसरा कान पंधरा वर्षांपूर्वीच जळलाय. म्हणून काम असो नसो, महिन्यातून एकदा एक साधा हुकूम पाठवावा लागतो, आम्ही आहोत एवढं कळवणारा. तो भाऊजी पाठवायचे, पहिल्या मंगळवारी. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहायचं कशाला, ते असायचेच की. रजेवर जाताना शेजारच्या टेबलावरच्या बाईंना त्यांनी फाइली दाखवल्या, कपाटाची किल्ली दिली, कुंडीला पाणी कधी घालायचं तेही सांगितलं. नेमकं हेच राहिलं, आणि यान त्या जळक्या कानावर गेलं.

"भाऊजी, कुंडी आठवली आणि हे नाही?" मी बोलून गेले. त्यांचा चेहरा बघितला आणि जीभ चावली.

"बोलतंय अजून," ते म्हणाले. "रोज आकडे पाठवतंय. फक्त आपलं ऐकत नाही. दीड महिन्यात एक हीटर बंद केला नाही, तर वीज पुरणार नाही. मग बोलणंही बंद."

साहेब माणूस चांगला. फोनवर म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. नाहीतरी दोनेक वर्षांत संपणारच होतं." भाऊजींनी फोन ठेवला आणि म्हणाले, "म्हातारं माणूस जाणारच असतं, म्हणून त्याचं औषध विसरायचं का?"

एकच वाट होती. आणखी बेचाळीस दिवस भरले, की यान आपोआप पहिल्या कानावर परत येणार होतं. त्यातले अठ्ठावीस उरले होते. पण तो कान इतके दिवस बंद, थंडीत पडलेला. उठेल की नाही, कोणी सांगावं?

ते चार आठवडे भाऊजी ताटातलं अर्धं टाकून उठायचे. कॅलेंडरवरचे दिवस बोटाने मोजायचे, आणि मोजून झाले की परत मोजायचे. जाऊ म्हणाली, "मोजून लवकर संपतात का हो?" ते हसले नाहीत. मग तीही त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

दिवस भरले. बुधवारी संध्याकाळी सातला त्यांनी हुकूम पाठवला, मोजमापाच्या शेवटच्या उपकरणाचा हीटर बंद करायचा.

"इतक्या दिवसांनी बोलायचं, आणि पहिलंच बोलणं हे?" मी विचारलं.

"दुसरं बोलायला वीज कुठे आहे, वहिनी?"

शुक्रवारी सकाळी मीच गाडीने त्यांना सोडलं. गुडघ्याने जिने चढवेनात, म्हणून वरपर्यंत गेले. लांबट खोली, पडद्याच्या चार कड्या निसटलेल्या, टेबलांवर पुठ्ठ्याची खोकी. त्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांचेही डोळे सुजलेले. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले. स्क्रीनवर आकड्यांची एकेक ओळ इतकी सावकाश उतरत होती, की मधे मी भाजी निवडून घेतली असती. भाऊजी मांडीवर हात ठेवून, निकालाला आलेल्या पोरासारखे बसले होते.

बाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हीटरची वीज शून्य."

"पुढची ओळ येऊ द्या."

पुढची ओळ आली. तिथेही शून्य.

"ऐकलं त्याने," बाई म्हणाल्या.

भाऊजींनी मान हलवली. "हो. उपकरण मात्र गेलं बिचारं, आता गारठून जाईल." मग काठीवर भार देऊन उठले आणि आपली खुर्ची बाईंकडे ढकलली. "पुढच्या मंगळवारचा हुकूम तुम्ही पाठवायचा. मी नुसता बघणार."

"आणि नंतर?"

"नंतर बघणारही नाही. दमलो हो मी."

मुदत त्यांनी वाढवून घेतली नाही. आता रोज दुपारी जेवण झालं की न लिहिलेलं सगळं लिहायला बसतात. त्यांचं अक्षर म्हणजे पावसात भिजलेल्या मुंग्या, म्हणून लेखनिक मी. "लिहा वहिनी, तिसरा हीटर दोनदा बंद करावा लागतो, पहिल्यांदा तो ऐकत नाही." अशी एकसष्ट पानं झालीत. काल बासष्टाव्यावर "अँटेना वळवताना सगळ्यात आधी" एवढं म्हणाले आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. मी वही मिटली नाही. सगळ्यात आधी काय, ते त्यांच्याशिवाय कोणाला माहीत आहे? पेनाला टोपण न लावता मी तशीच बसून राहिले.