साडूभाऊंची खोट्याची पारख

आमच्या साडूभाऊंइतका भोळा माणूस मॉरिशसच्या मातीत दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका संशयीही झाला नाही. हे दोघेही एकच गृहस्थ. भोळेपणाची पहिली पंचेचाळीस वर्षं आणि संशयाची पुढची सगळी, यांच्यामध्ये फक्त एक कळ दाबण्याचं अंतर होतं. आणि ती कळ त्यांनी दाबली तेव्हा मी त्यांच्या खुर्चीमागे चहाचा कप घेऊन उभा होतो.

भोळेपणाच्या काळात व्हाकोआतलं त्यांचं घर म्हणजे फिरत्या विक्रेत्यांचं तीर्थक्षेत्र. दारात उभं राहून कोणी 'नवीन आलंय' म्हणालं, की साडूभाऊ त्याला आधी खुर्ची देत, मग चहा, मग होकार. घरात केस उगवणारं तेल होतं, आणि ते लावूनही न उगवलेल्या डोक्याला तकाकी आणणारं दुसरं तेलही होतं. "एवढा उन्हातून आलाय बिचारा, नाही कसं म्हणायचं?" असं ते माझ्या मेहुणीला विचारत. ही बाई माझ्या बायकोची थोरली बहीण; तिने या प्रश्नाचं उत्तर लग्नानंतर वर्षभरात देणं सोडून दिलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अशाच एका 'नवीन आलंय'पायी घरात कॉम्प्युटर आला. सरकारी कचेरीतल्या कारकुनाला तो घरी कशाला हवा, हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

पण कबूल करायला हवं, साडूभाऊंनी त्या यंत्राचा उपयोग केला. आमच्या आजे-पणज्यांनी कोकणातून आणलेले शब्द म्हाताऱ्यांबरोबर चालले आहेत, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. सुटीच्या दिवशी बस पकडून ते तेर रूजपासून शमें ग्रेनिएपर्यंत गावोगाव हिंडत, अंगणात बसत आणि वळचण, शिंकाळं, आवतण असले शब्द कागदाच्या चिठोऱ्यांवर उतरवून आणत. सर्वांत मोठी खाण म्हणजे शमें ग्रेनिएचे मामा, माझ्या सासूबाईंचे भाऊ. त्यांनी उसाच्या शेतात जन्म काढला होता आणि बेटावरच्या क्रेओल बोलीत भांडून झालं की ते मराठीत शिव्या देत. दोन वर्षांत साडूभाऊंनी हजारावर शब्द रोमन लिपीत टंकले. टंकून झाले की चिठोरे बंबात. "पावनं, मॉडर्न माणूस कागद ठेवत नाही," असं मला सुनावत.

त्या दुपारी त्यांनी कचेरीतल्या एका मित्राने दिलेली पत्त्यांच्या खेळाची फ्लॉपी यंत्रात घातली. खेळ काही आला नाही. काळ्या पडद्यावर एक चौकट उमटली: तुमच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती तयार आहे, उशीर करू नका, वाय ही कळ दाबा. इंग्रजीत होतं, आणि 'व्हर्जन'चं स्पेलिंग चुकलेलं मला मागूनही दिसलं. "भाऊजी, जरा थांबा," मी म्हणालो. "आयो, किती सभ्यपणे विचारतोय!" साडूभाऊ म्हणाले, आणि दाबली. यंत्र थोडा वेळ घरघरलं. मग शब्दांची फाइल उघडेना. उघडेना म्हणजे, ती नव्हतीच. त्यांची जपून ठेवलेली दुसरी प्रत एका फ्लॉपीवर होती. ती तरी शाबूत आहे ना, हे बघायला त्यांनी ती लगेच त्याच यंत्रात घातली. यंत्राने तीही गिळली.

"तू फिनी," साडूभाऊ पुटपुटले. म्हणजे, सगळं संपलं. मी कप त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी तो तसाच परत माझ्या हातात दिला.

त्यानंतर संशयाचं राज्य सुरू झालं. खोटं ओळखण्याच्या त्यांनी चार खुणा ठरवल्या आणि भिंतीवर टांगल्या: न बोलावता येतो, घाई करतो, गोड बोलतो, स्पेलिंग चुकतो. कॉम्प्युटरसाठी हे शास्त्र उत्तम होतं. पण साडूभाऊंनी ते सृष्टीला लावलं. यंत्र दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी व्हरांड्यातच उभा ठेवून त्याच्या आजोबांचं नाव विचारलं. तो वैतागून गेला, तेव्हा "बघा, पळाला!" म्हणून आनंदले. मुलीला स्थळ आलं, ते गोड बोलत होतं म्हणून नाकारलं. बढतीचं पत्र आलं. सात दिवसांत उत्तर मागितलेलं, आणि आडनावात एक अक्षर जास्तीचं. साडूभाऊंनी ते खोटं ठरवून फडताळात टाकलं. आमच्या पूर्वजांची नावं बोटीतून उतरल्या दिवशीच फ्रेंच वळणाने चुकीची लिहिली गेली. त्या हिशोबाने बेटावरचा अख्खा मराठी समाजच खोटा ठरतो, हे मी त्यांना समजावलं. आठव्या दिवशी पटलं.

अशात शमें ग्रेनिएहून एक चिठ्ठी आली. 'लवकर या. उशीर करू नका. मामा.' निम्मी क्रेओल, निम्मी मराठी, आणि एकही शब्द धड नाही. साडूभाऊंनी ती तीन दिवस भिंगाखाली धरली. "चारांतल्या तीन खुणा जुळतात," ते म्हणाले.

"मामाला लिहिता येतं का कधी?" मेहुणी प्रथमच कडाडली. "नातीकडनं लिहून घेतलं असेल. उठा!"

मी त्यांना माझ्या गाडीतून नेलं. मामा अंगणात लिचीखाली खाटेवर होते, पार वाळलेले. "तीन दिस वाट बघतुया," ते म्हणाले. "माजं डोसकं रिकामं व्हाय लागलंय. तुजं शबुद गेलं म्हनं. हाय तवर घेऊन टाक."

साडूभाऊंनी गाडीतून वही आणली. मामा सांगू लागले, ते लिहू लागले. पहिला तासभर झरा वाहिला; मग शब्दांमध्ये अंतर पडू लागलं. मामा डोळे मिटत, ओठ हलवत, काही येत नसे. त्यांना लाज वाटू लागली होती. एकदा त्यांनी वर बघितलं, फांद्या लाल फळांनी लगडलेल्या होत्या. "ह्येला आमचा आजा," ते म्हणाले आणि थांबले, "साखरगोटी म्हनायचा."

मामांच्या आजाने कोकणात लिची बघितली असेल, यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. मी साडूभाऊंकडे पाहिलं. त्यांची पेन्सिल क्षणभर अडली, मग चालली. "छान शब्द, मामा," ते म्हणाले. "आणखी सांगा." पुढच्या अर्ध्या तासात मामांनी असले बाराएक शब्द दिले. साडूभाऊंनी एकही प्रश्न न विचारता सगळे उतरवले.

परतताना मी म्हणालो, "भाऊजी, ते शेवटचे शब्द..."

"खोटे होते," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मला कळत नाही होय?" उसाचे मळे संपले तेव्हा त्यांनी मांडीवरची वही मिटली. मग म्हणाले, "आता खरे झाले. लिहिलेत ना मी."

पुढच्या लिच्या पिकायच्या आधीच मामा गेले. आज साडूभाऊही नाहीत. बाजारात लिची आली की माझी बायको अजून म्हणते, "साखरगोट्या आल्या हो!" दुकानदार हसतो. हा कुठल्या गावचा शब्द, असं त्याने एकदा विचारलं होतं. शमें ग्रेनिएचा, असं मी सांगितलं.