तीन जीबी जागेसाठी

माझी धाकटी बहीण दोन वर्षं एका कंपनीला शिव्या घालत होती. आमच्या टॅबलेटच्या कंपनीला. "त्यांच्या घरान कुनाला हलद लागू नये," असं ती भर पंगतीत म्हणायची, बायका हसायच्या, आणि मी मान हलवायचो. एकदोनदा तर माझीही एखादी शिवी जोडली. आज त्या मान हलवण्याचीच जास्त चीड येते. कंपनीने काही खाल्लं नव्हतं. मी पुसलं होतं.

आई धवलारीण. आमच्या पनवेल-उरणच्या गावांत लग्नात मंत्रांइतकाच मान तिच्या गाण्यांना. हळद, मांडव, तेल, प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, म्हणजे धवले. आईला अक्षर येत नाही, पण सगळे धवले तोंडपाठ. विमानतळाच्या जागेत गाव गेलं, माणसं उलव्याला, कामोठ्याला पांगली, लग्नं हॉलमध्ये शिरली. तिथे डीजेपुढे आईला कोण विचारणार? बोलावणं बंद झालं. बहीण मात्र मागे लागली, मला शिकव, मी टॅबवर भरून घेते.

आईचा नियम एकच होता. लग्नाशिवाय धवले गायचे नाहीत. "बिनलग्नाचं गाऊ? हलद कुनाला लावू, या पाटीला?" टॅबला ती पाटी म्हणायची.

आणि एका दुपारी तिने खरंच पाटीला हळद लावली. आमच्या कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये पाट मांडला, तांदूळ पसरले, नारळ ठेवला, पितळी तांब्याला टेकून टॅब उभा केला आणि त्याच्या कोपऱ्याला हळदीचं बोट ओढलं. "चला, आज हिचंच लगीन." स्वतःच खदखदून हसली. मग गायला बसली ती दोन तास उठली नाही. तीन मोठे व्हिडिओ झाले. कव्हरवरचा पिवळा डाग अजून तसाच आहे.

निघताना बहीण म्हणाली, "दादूस, पेन ड्राइव्हवर घेऊन ठेव रं. तुला समजतं."

"उद्या घेतो," मी म्हणालो.

एक छोटा कनेक्टर लागत होता. पनवेल स्टेशनसमोर दहा दुकानांत मिळतो. त्याच दुकानांवरून रोज जात होतो. आठ महिने मी तो आणला नाही. ऑफिसात कुणी फाइलची कॉपी ठेवली नाही तर टेबलावर हात आपटणारा माणूस मी.

मग ती संध्याकाळ. क्रिकेटची मॅच होती. सगळ्यांना नंतर मी सांगितलं की आईच्या व्हिडिओ कॉलसाठी अपडेट करत होतो. खोटं. मॅच बघायची होती, मोठ्या पडद्यावर, सोफ्यात लोळून. ॲप म्हणालं, जुन्या सिस्टिमवर चालणार नाही, अपडेट करा. अपडेट म्हणालं, जागा अपुरी आहे, तीन जीबी मोकळी करा. सोळा जीबीचा टॅब, त्यातला निम्मा कंपनीने स्वतःच्या सामानाने भरलेला. कधी न उघडलेली ॲप्स, आणि ती पुसताही येत नाहीत! आपल्याच घरात पाहुण्याने पलंग अडवावा आणि आपल्याला म्हणावं, जरा सरका. संताप खरा होता. तो संताप मी पुढे दोन वर्षं पांघरला.

फोटो काढले, दोन गेम काढले. पुरेना. मग आकाराप्रमाणे यादी लावली. सगळ्यात वर तीन व्हिडिओ, नावं नाहीत, नुसते आकडे. पण शेजारी छोटं चित्र होतंच. त्यात आईचं लुगडं दिसत होतं, नारळ दिसत होता. मी निवडले. पुसले.

तरीही जागा अपुरीच. कारण पुसलेलं आधी कचरापेटीत जातं आणि तिथेही जागा अडवतं. म्हणजे टॅबने मला थांबायची संधी दिली होती. महिनाभराची. मी कचरापेटी उघडली. "कायमचे हटवायचे? ही क्रिया मागे घेता येणार नाही." स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. इंग्रजी असतं तर समजलं नाही म्हणता आलं असतं. पहिल्यांदा हात घसरला म्हणू. दुसऱ्यांदा? मनात एवढंच आलं, आई आहे की, पुन्हा गाईल. टॉस झाला होता. मी 'हो' दाबलं.

अपडेट मॅच संपेपर्यंत चाललं. काही महिन्यांनी त्याच ॲपने कळवलं की आता हे उपकरण चालणारच नाही.

बहिणीला सांगितलं, अपडेटने खाल्लं. तिने आईला विनवलं, पुन्हा गा. आई म्हणाली, "आता खरं लगीन असंल तवा." ते लग्न यायच्या आत आईला झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली.

या वर्षी भाचीचं लग्न ठरलं. बहीण उरणहून आली ती टॅब मागायला.

"मुंबईला एक मानूस हाय, गेलेलं परत काढून देतो. उद्या मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँच पकडते. दोन दिस बसावं लागलं तरी बसन."

"काही मिळणार नाही."

"तू गप. अपडेटनं खाल्लेलं निघतं म्हनं."

तिने टॅब पदराने पुसला, पिशवीत घातला. तो डाग असलेला कोपरा तिने वर ठेवला. ते मला बघवेना.

"अपडेटने नाही खाल्लं. मी पुसलं. जागा हवी होती."

आई पलंगावर जागी होती. बहिणीने पिशवी खाली ठेवली.

"कशाला हवी होती?"

"मॅच होती."

"कोन जिकला?"

मला आठवेना. अजूनही आठवत नाही.

"दोन वरसं मी परक्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली, "आन् तू शेजारी बसून भाकरी खात होतास." तिने टॅब पिशवीतून काढून माझ्या हातात कोंबला. "भाईर जा. ही पाटी घेऊन जा. परत इथं काय भरून घ्यायला येऊ नको."

मी पॅसेजमध्ये आलो. मागे दार लागलं. आईची मी माफीही मागितली नव्हती. काय मागणार? तिला हो-नाही म्हणता येत नाही, आणि त्याचाच फायदा घेतल्यासारखं झालं असतं.

आतून पाट सरकवल्याचा आवाज आला. डब्यातून तांदूळ ओतल्याचा. मग बहिणीचा आवाज, बिचकत. आठवतील तशा तीन ओळी. चौथीला पलंगाच्या लाकडावर फाडकन थाप पडली, आईच्या डाव्या हाताची. चुकलं.

"बरं, बरं," बहीण म्हणाली. "आता तर खरंच लगीन हाय ना, आये? मारू नको." आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आली.

तिसऱ्या खेपेला चौथी ओळ थापेशिवाय गेली. पाचवीवर पुन्हा थाप. मी दाराबाहेर तसाच उभा होतो. आत जायची मला बंदी होती, आणि ती योग्यच होती.