दहाव्याला कबूल केलेली मॅच

गेल्या वर्षी आमच्या घरात एक मॅच जिंकायचीच होती, कारण तसा शब्द आम्ही गेलेल्या माणसाला देऊन बसलो होतो.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही, हे आधीच सांगते. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला घर, सनीव्हेलला ऑफिस, आणि चिप बाजारात जाण्याआधी तिच्यातल्या चुका शोधून काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. आमच्याकडे 'मला असं वाटतं' या वाक्याला कोणी विचारत नाही. नवऱ्याचं मात्र सगळं आयुष्य वाटण्यावरच चाललं होतं. तो नागपूरहून मास्टर्स करायला आला तो थेट मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या एका युनिव्हर्सिटीत, आणि तिथून डिग्रीबरोबर तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाच्या, टीमचं वेड घेऊन बाहेर पडला. डिग्री कपाटात गेली. वेडानं हॉलमधली खुर्ची अडवली.

टीम कायम हरणारी. बरं, सरळ हरावं, तर तेही नाही. शेवटच्या मिनिटापर्यंत आशा लावायची आणि मग तोंडघशी पाडायचं. शेजारच्या राज्यातली टीम ही त्यांची जुनी वैरी. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतल्या शनिवारी दोघांची मॅच ठरलेली. नवरा शिकत असताना त्यांना एकदा हरवलं होतं, भर बर्फात. तो तेव्हा स्टेडियममध्ये होता. त्यानंतर पुन्हा कधी ते जमलं नाही. ती बर्फातली मॅच आमच्याकडे जेवायला आलेल्या प्रत्येकानं ऐकली आहे. आमच्या मुलीनं तर ती लहानपणी गोष्टींऐवजी ऐकली. मी त्याला म्हणायचे, "अरे, तू शिकलास, फी भरलीस, व्यवहार संपला. ती एकोणीस-वीस वर्षांची पोरं तुला ओळखतही नाहीत." तो म्हणायचा, "तुला नाही कळायचं." ते खरंच होतं, मला कळत नसे.

मग त्या टीमला नवीन कोच आला. ती थंडीतली गोष्ट. त्याची पहिली पत्रकार परिषद नवऱ्यानं इतक्यांदा पाहिली, की त्या माणसाचा बसका आवाज स्वयंपाकघरातही माझ्या ओळखीचा झाला. "इकडे ये, याचे डोळे बघ," नवरा म्हणाला. मी पाहिलं. जाड मानेचा, झोप न झालेला एक माणूस होता. पण कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर उधाण आलं होतं. नव्या सुनेनं पहिल्याच सणाला पुरणाचा घाट घालावा आणि एकही पोळी फुटू नये, तशी त्या कोचकडून सगळ्यांची अपेक्षा. सीझन सुरू व्हायला आठ-नऊ महिने होते आणि हे गुडघ्याला बाशिंग बांधून तयार. "यंदा त्यांना हरवणार," नवरा म्हणाला. "हा माणूस हरवणार, बघशील तू."

जूनमध्ये नवरा ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसल्या बसल्याच गेला. गाडी बंद केली होती, पट्टा तसाच होता. हृदय थांबलं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. त्याला कसलाही आजार नव्हता.

दहावा आम्ही तळ्याकाठच्या पार्कात केला. विधी मुलीनं केले. ती सॅक्रामेंटोला फिजिओथेरपिस्ट आहे, इथेच जन्मली, मराठी समजते आणि बोलते बहुतेक इंग्रजी. अनामिकेत दर्भाची अंगठी घालून ती गुरुजी सांगतील तसं करत होती. पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. फ्रीमाँटचे कावळे म्हणजे मुलांच्या हातातले वेफर्स पळवणारे. त्या दिवशी मात्र ते निलगिरीच्या झाडावर बसून नुसते बघत राहिले.

"त्यांची काही इच्छा राहिली असेल तर बोला," गुरुजी म्हणाले.

नागपूरहून व्हिडिओवर दीर बोलले, "दादा, वहिनीची काळजी करू नको." कावळे हलले नाहीत. मी म्हटलं, "लेकीचं सगळं नीट करीन." लेकीनं माझ्याकडे रागानं पाहिलं. कावळे तिथेच. ऊन वाढत चाललं. गुरुजींना पुढे एका बारशाला जायचं होतं. शेवटी ते दर्भाचा कावळा करायला बसले. खरा कावळा नाहीच आला तर गवताचा करून पिंडाला लावतात, ते.

तेव्हा नवऱ्याचा कॉलेजमधला रूममेट पुढे आला. मुलगी त्याला काका म्हणते, मी भावजी. डोळे सुजलेले, शर्ट घामानं भिजलेला. तो पिंडाशी वाकला आणि हॉस्टेलमध्ये बोलावं तसा बोलला, "यार, ऐक. नवीन कोच आलाय ना? यंदा आपण त्यांना हरवणार. प्रॉमिस. तू जा आता."

कावळा उतरला. एक उतरला आणि मागोमाग दुसरा.

सगळ्यांनी हात जोडले. कोणी तरी हुंदका दिला. मुलगी माझा दंड धरून म्हणाली, "आई, डिड यू सी दॅट?" मी पाहिलं होतं. अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी मला त्या माणसाचा असा संताप आला की विचारू नका. अरे, शब्द द्यायचा तर आपल्या हातातला द्यावा. वहिनीला सांभाळीन म्हण, दर वर्षी अन्नदान करीन म्हण. त्या पोरांच्या पायांवर आणि त्या जाड मानेच्या माणसाच्या अकलेवर माझ्या नवऱ्याची सुटका टांगून ठेवायला तुला कोणी सांगितलं होतं?

गाडीत मुलीनं विचारलं, "व्हॉट इफ दे लूज?"

"काही होत नाही," मी म्हटलं. "हे सगळं मनाचं समाधान असतं."

ऑगस्ट संपला आणि शनिवार सुरू झाले. तिकडची दुपारची मॅच म्हणजे आमची सकाळ. नवऱ्यानं टीव्हीला सांगून ठेवलं होतं, त्यामुळे मॅचच्या वेळी टीव्ही आपोआप लागायचा. पहिल्यांदा लागला तेव्हा मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. रिकाम्या हॉलमध्ये एकदम हजारो माणसं ओरडायला लागली. मी बाहेर आले तर खुर्ची टीव्हीकडे तोंड करून, पाय ठेवायची फळी अर्धी वर. ती नेहमीच अर्धी राहायची, स्प्रिंग बिघडलेली आहे. तरी मी तिथेच उभी राहिले. टीव्ही बंद करणं काही मला जमलं नाही.

त्याचा फोनही मी चार्जिंगला लावून ठेवत असे, खुर्चीच्या हातावर. का, ते विचारू नका. ग्रुपवरचे मित्र मॅचभर लिहीत आणि फोन थरथरत राही. टीमनं चेंडू पुढे नेला की थरथर, गमावला की थरथर. मी बाजूच्या सोफ्यावर बसून बघायचे. हळूहळू खेळ कळायला लागला. कधी किक मारायची, कधी जुगार खेळून चेंडू पुढे न्यायला बघायचं हे कळायला लागलं. एकदा मी मोठ्यानं म्हटलं, "अरे, आत्ता पास नको, पळ," आणि खुर्चीतून कोणीतरी समाधानानं हुंकार दिल्यासारखं वाटलं. भास असतात असे, मला ठाऊक आहे. पण पुढच्या शनिवारी मी पोहे दोघांचे केले.

आणि टीम जिंकत सुटली. आधी ग्रुपवर म्हणत होते, लाज राखली तरी पुरे. थोड्या मॅच जिंकल्यावर भाषा बदलली. ऑक्टोबरपर्यंत तर कोचचा पुतळा कुठे उभारायचा यावर भांडणं. एक मॅच हरले तेव्हा तीच माणसं त्याला हाकलायला निघाली. मला त्या कोचची कीव येऊ लागली. एवढ्या लोकांचं एवढ्या वर्षांचं दुखणं त्याच्या गळ्यात, आणि त्यात आमचं हे. ते तर त्या बिचाऱ्याला माहीतही नाही.

थँक्सगिव्हिंगला मुलगी आली. शनिवारी सकाळी तिनं बाबाचा टीमचा शर्ट घातला, बाह्या दुमडून. तिला महिनाभर झोप नव्हती असं वाटावं असा चेहरा झाला होता. "आय जस्ट वॉन्ट हिम टू बी ओके," ती म्हणाली. तिच्या मनात ते किती खोल गेलं होतं ते मला तेव्हा कळलं. खुर्चीत आम्ही दोघीही बसलो नाही.

मॅच सुरुवातीपासून आपली. आपली म्हणते आहे, लक्षात आलं माझ्या. पोरं जीव तोडून खेळत होती. शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा आपण पुढे होतो, आणि फोन खुर्चीच्या हातावर नुसता नाचत होता. मुलगी उभी राहिली, तोंडावर दोन्ही हात.

मला मात्र वेगळंच काहीतरी होऊ लागलं. पाहुणे निघायच्या आधी उगाच इकडेतिकडे करतात, चपला शोधतात, घरातल्यांना कळतं की आता हे निघणार. तसं वाटायला लागलं हॉलमध्ये. इतके शनिवार माझ्या शेजारी जे काही होतं, ते उठायच्या बेतात होतं. टीम जिंकणार, शब्द पुरा होणार, आणि मग पुढच्या शनिवारी टीव्ही लागेल तेव्हा हॉल नुसता हॉल असेल. त्याची सुटका व्हावी असं प्रत्येक बायको म्हणते. मला ती नको होती. मला तो इथे हवा होता, अडकलेला तर अडकलेला.

अंतर कमी होत होत शेवटच्या क्षणी ती दुसरी टीम किक मारायला उभी राहिली. किक बसली तर ते जिंकणार, हुकली तर आपण. मी हात जोडले. डोळे मिटले.

स्टेडियम एकदम गप्प झालं, त्यावरून मला कळलं. चेंडू खांबांच्या मधून गेला होता.

मुलगी जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडायला लागली. "वी प्रॉमिस्ड हिम," म्हणत राहिली. तेवढ्यात भावजींचा फोन आला. तेही रडत होते. "वहिनी, माझ्या तोंडाला आवर नाही. मी बोलायला नको होतं. तो बिचारा तिथे वाट बघत..."

"असू द्या, भावजी," मी म्हटलं. "जेवून घ्या तुम्ही." आणि फोन ठेवला.

मुलगी माझ्याकडे बघत होती. "आई, तू हात जोडले होतेस. आय सॉ यू."

"हो."

"देव पण ऐकत नाही."

"ऐकलं त्यानं," मी म्हटलं. खोटं बोलायचं त्राण नव्हतं माझ्यात. "ते जिंकावेत म्हणून जोडले होते. दुसरे."

तिला समजायला वेळ लागला. मी वाट बघत होते, ती ओरडेल, उठून निघून जाईल, शर्ट काढून माझ्या अंगावर फेकेल. टीव्हीवर कोच दिसत होता, टोपी हातात घेऊन एकटाच चालला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "सो ही इज स्टिल हिअर?"

"मला वाटतं, हो."

तिनं बाबाच्या शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं, सरकत माझ्यापाशी आली आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

"गुड," ती म्हणाली.