करंगळीवरचं लगेज

"हे सामान कोनाचं हाय?" असं विचारत आमचे शेजारी उजव्या हाताची करंगळी वर करायचे. देऊळगाव राजाकडे तुम्ही कधी बसने फिरला असाल, तर ती करंगळी तुमच्याही पिशवीत अडकली असेल. त्यांची सगळी नोकरी कंडक्टरकीत गेली. रिटायर झाल्यावरही लग्नमंडपाच्या दाराशी चपलांचा ढीग दिसला की ते हेच विचारायचे.

करंगळी हा त्यांचा काटा. प्रवाशाची पिशवी तिच्यावर अडकवायची, वाकली की लगेजचं तिकीट. मलाही एकदा फाडलं होतं. मी नवी नवरी. सासरी बरा पाटा मिळणार नाही या धास्तीने डोणगावहून माहेरचा दगडी पाटाच घेऊन निघालेली. कंडक्टरने विचारू नये म्हणून गाठोड्यावरच ठाण मांडलं. अख्ख्या बसमध्ये मीच उंच. एवढी माझी हुशारी.

"बाई, तुमी बसल्या का उभ्या?" त्यांनी विचारलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात माझी नात राही पुण्याच्या कॉलेजातून एक खेळ शिकून आली. ती गोष्ट सांगणार, आपण गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवणार. मी हौसेने चोर झाले. शेजारी विरजण मागायला आले होते, त्यांना तिने योद्धा केलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी गुहेच्या तोंडाशी गोष्ट थांबवली. "तलवार, ढाल, दोर, एवढ्या मशाली. हे सारं ठेवलं कुठं?"

"आजोबा, ते नुसतं कागदावर लिहायचं."

"कागदाले वजन नसते, माय."

मग त्यांनी जुन्या धोतराच्या पिशव्या शिवून आणल्या. हलक्या वस्तूला चिंचोका, जड वस्तूला नदीतला गोटा. खेळ चालेल तोवर आपली पिशवी आपल्या करंगळीवर. वाकली की काहीतरी टाकायचं. राहीच्या मैत्रिणींनी व्हिडिओ कॉलवर हे पाहिलं आणि त्या हसून लोळल्या.

राक्षस मेला तेव्हा मी त्याचे जोडे, शिंगं, तेलकट झारा, सगळं उचललं. पाटेवाली नवरी अजून गेली नव्हती अंगातून.

सुट्टीची शेवटची दुपार आली. दुसऱ्या दिवशी ते मुलाकडे नाशिकला जाणार होते, कायमचे. राक्षसाची सोन्याची घागर घेऊन दोघांनी झुलता पूल ओलांडला की आम्ही जिंकणार होतो. घागरीला चांगले जाड गोटे होते, आणि ते माझ्या पिशवीत.

"वयनी, बोट लाल होऊन राह्यलं. झारा टाका."

"झारा नाही टाकणार."

"काऊन? घरी झारे नाईत का?"

करंगळी वाकली. राही म्हणाली, "आजी, पूल करकरतोय."

तेव्हा त्यांनी आपली पिशवी ओट्यावर पालथी केली. तलवार, ढाल, दोर, सगळं घरंगळलं. माझे घागरीचे गोटे उचलून त्यांनी आपल्या पिशवीत टाकले.

"आजोबा, पलीकडे आणखी राक्षस असला तर? तुमच्या हातात काही नाही."

"त्यालेही तिकीट लागन."

फासा बरा पडला. ते पार गेले. माझी पाळी यायच्या आत त्यांना न्यायला आलेल्या मुलाने शेजारच्या घरातून हाक मारली. बांधाबांध राहिली होती.

सकाळी मी स्टँडवर गेले. ट्रंका, बोचकी आदल्या संध्याकाळीच टेम्पोतून गेली होती. त्यांच्या हातात ती धोतराची पिशवी तेवढी दिसली, घागरीच्या गोट्यांसकट करंगळीला लटकलेली.

मी विचारलं, "हे सामान कोणाचं आहे?"

"तुमचंच. पल्याड या अन् उतरवून घ्या."

बस वळेपर्यंत खिडकीतून ती करंगळी बाहेर होती. पिशवीसकट, आणि ताठ.

राही अधूनमधून फोनवर विचारते, "आजी, दुसरा खेळ सुरू करू का?" मी नको म्हणते. माझा चोर अजून पुलाच्या अलीकडेच बसला आहे, मांडीवर झारा घेऊन.