कृष्णाजीरावांना हवं होतं सुतक

बेंगळूरच्या चामराजपेटेत कुणाच्या घरी माणूस गेला की डॉक्टर उंबऱ्याबाहेर पडायच्या आत कृष्णाजीराव हजर. बांबू कुठे चांगले मिळतात, सुंभ किती लागतं, मडकं कुणी धरायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. एरवी त्यांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, पण अशा दिवशी सायकली राहायच्या भिंतीला टेकून आणि राव पुढे होऊन खांदा द्यायचे. पांढरीशुभ्र मिशी, तिला रोज सकाळी खोबरेल, दोन्ही टोकं आभाळाकडे वळवलेली. "अण्णा आले, आता काळजी नाही," असं रडणाऱ्या बायकासुद्धा हुंदका थांबवून म्हणायच्या.

लग्न झालेलं नव्हतं. का नाही विचारलं तर सांगायचे, "मुलगी बघायला निघालो होतो, वाटेत पंक्चर झालं." हे पंक्चर ते चाळीस वर्षं सांगत होते आणि ऐकणारे चाळीस वर्षं हसत होते.

सगळा कन्नड मुलूख जोडून राज्य एक झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर शेजारचे सुब्बाराव गेले. मसणातून परतताना त्यांचा पुतण्या पद्माकर कुरकुरायला लागला. "काकांनी चार दिवस कळ काढली असती तर काय बिघडलं असतं हो? चकल्यांचा डबा भरलाय, नवा कोट शिवून आलाय. आता बसा दहा दिवस सुतक धरून!"

सगळे हसले. कृष्णाजीरावही हसले. पण घरी येऊन आंघोळ करून पानावर बसले, तर घास काही खाली उतरेना. पद्माकर बोलला ते वाईटच, पण काका गेला म्हणून त्याची दिवाळी बुडाली होती. कायद्यानं बुडाली होती! आणि आपण गेलो तर? सगळी पेट रडेल, खांदा देईल, घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेईल आणि संध्याकाळी दोसा खायला मोकळी. सुतक काही मायेवर लागत नाही, ते रक्तावर लागतं. ते लागायला भाऊकी लागते. आपल्यामागे अख्ख्या बेंगळूरात एका माणसाची एक चकलीदेखील चुकणार नाही, या विचारानं बासष्ट वर्षांच्या त्या धीराच्या माणसाला रडू आलं.

तसं म्हटलं तर भाऊकी तीन गल्ल्या पलीकडेच होती. वडील सांगायचे, आपण इंगवले. पितळी भांड्यांचे मोठे व्यापारी आप्पाजीराव तेही इंगवले. पण बेंगळूरला आलेल्या मराठ्याचं आडनाव गळून पडतं आणि मागे नुसता 'राव' उरतो. इथे कोण कुणाचा कोण, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. त्यातून या दोन घरांत तीन पिढ्यांचं वैर. कशावरून? जमिनीवरून? बाईवरून? छे हो! बकऱ्याच्या मुंडीवरून. देवीच्या जत्रेत मुंडीचा मान थोरल्या पातीचा, म्हणजे थोरल्या शाखेचा. थोरला भाऊ विठोजी, म्हणजे कृष्णाजीरावांचे आजोबा, पानावर वाट बघत बसले. आणि बकरं मी आणलं म्हणून धाकट्यानं, म्हणजे आप्पाजीरावांच्या वडिलांनी, मुंडी घेतली आपल्या ताटात. विठोजी भरल्या पानावरून उठले ते कायमचे. अशी माणसं, काय करणार!

एका सकाळी मिशीला जास्तीचं तेल लावून कृष्णाजीराव आप्पाजीरावांच्या दुकानी गेले आणि आडवळण न घेता म्हणाले, "मी विठोजीचा नातू. तुमच्या थोरल्या पातीचा."

आप्पाजीरावांनी हातातली घागर खाली ठेवली. "असालही अण्णा. पण तुम्ही म्हणता आणि मी मानतो, असं कसं चालेल? संक्रांतीनंतर आमचा हेळवी यायचाय. तो सांगेल ते खरं."

हेळवी म्हणजे घराण्याच्या पिढ्या सांगत फिरणारा माणूस. चिक्कोडीकडून दर तीन-चार वर्षांनी यल्लाप्पा यायचा. त्याच्या बापजाद्यांनी बैलावर बसून, घंटा वाजवत यावं. हा बैल गावी ठेवून, घंटा तेवढी पिशवीत घालून रेल्वेनं यायचा. त्या वर्षी आला तेव्हा पडवीत सगळं घर जमलं. आप्पाजीरावांची नव्वदीची आई भागुबाई बाजेवर बसली, आणि कोपऱ्यात कृष्णाजीराव, परीक्षेला बसल्यासारखे.

यल्लाप्पानं घंटा वाजवली, वही उघडली आणि हेल काढून पिढ्या सुरू केल्या. धाकटी पाती लेकीसुनांसकट झाली. मग आवाज जरा उतरला. "थोरल्या पातीचा विठोजी, विठोजीचा तुकोजी, तुकोजीचा कृष्णाजी. इथं शाखा आटली. दिवा लावायला कुणी उरलं नाही."

"अहो, मी आहे की!" कृष्णाजीराव उठूनच उभे राहिले.

यल्लाप्पानं चष्म्यावरून पाहिलं. "वहीत तुम्ही मेलेले आहात."

"मग इथं काय भूत बसलंय?"

"थोरल्या मालकांनी सांगितलं तसं माझ्या बापानं लिहिलं," यल्लाप्पा म्हणाला. थोरले मालक म्हणजे आप्पाजीरावांचे वडील.

बाजेवर भागुबाई बोळक्या तोंडानं खुदकन हसली. "आमचे हे मरेपर्यंत त्या मुंडीपायी कुढत होते. दुसऱ्याच्या मानाचं खाल्लं की पचतं का?" मग तिनं कृष्णाजीरावांना जवळ बोलावून न्याहाळलं. "मिशी विठोजीचीच रे बाबा. वही घाल चुलीत."

यल्लाप्पानं दौत पुढे ओढली. "मालक, जिवंत लिहू?"

आप्पाजीराव चुळबुळ करायला लागले. कृष्णाजीरावांना त्यांनी बाजूला घेतलं. "अण्णा, वय काय तुमचं? छातीबितीचं काही दुखणं? रागावू नका, फाल्गुनात आमच्या हेमलताचं लग्न आहे. तुम्ही आमचेच, पण तेवढं होईपर्यंत वहीत जिवंत नका होऊ. मध्येच तुमचं काही बरंवाईट झालं तर सुतक येईल आणि मुहूर्त मोडेल हो!"

दुसरा कुणी असता तर त्यानं आप्पाजीरावांची गचांडी धरली असती. कृष्णाजीराव मात्र खूश! आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मरणाची कुणाला तरी अडचण होत होती. "फाल्गुन उलटेपर्यंत मी मरत नाही," त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. "इंगवल्याचा शब्द."

आणि पाळला बरं का! सायकलवर बसणं सोडलं, कानाला मफलर आला, दोन्ही वेळा सुंठीचा काढा. समोरच्या कावेरम्मानं विचारलं, "काय अण्णा, तब्येत बरी नाही?" तर म्हणाले, "तब्येतीला काय झालंय! पण सध्या मला मरायला सवड नाही."

लग्नाची पत्रिका आली. तिच्यावर लिहिलं होतं, 'सायकल दुकानवाले.' पंगतीत त्यांचं पान शेजाऱ्यांच्या ओळीत मांडलं होतं. जेवले, आहेर दिला, आले. यल्लाप्पा वहीत काही न लिहिता केव्हाच गावी गेला होता. फाल्गुन सरत आला, आप्पाजीरावांकडून चकार शब्द नाही. आपण होऊन विचारायचं तर आजोबांचा पीळ आडवा यायचा. त्यांना फार वाईट वाटलं. मफलर काढून खुंटीला लावला. आता जगायची तरी एवढी घाई कशाला?

युगादी, म्हणजे आपला पाडवा, चार दिवसांवर आली आणि भागुबाई गेली.

बातमी पेटेतून आली, घरातून कुणी सांगायला आलं नाही. कृष्णाजीराव गेले तसेच, नेहमीसारखे. तिरडी बांधली. ज्या एका माणसानं त्यांना ओळखलं होतं, तेच चाललं होतं.

दहन झालं. इंगवल्यांची रीत अशी, की भाऊकीतल्या पुरुषांनी त्याच दिवशी मिशी उतरवायची. न्हावी वस्तरा परजून बसला, घरची माणसं पुढे सरकली. कृष्णाजीराव शेजाऱ्यांबरोबर नळाकडे निघाले. त्यांचं काम संपलं होतं.

"आधी कोण?" न्हाव्यानं विचारलं.

"थांब," आप्पाजीराव म्हणाले. "आधी थोरली पाती. अण्णा, या."

कृष्णाजीरावांना वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणताहेत. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं.

"तुम्हीच हो! म्हातारी जाताना मला फार बोलली. म्हणाली, मुंडी नाही दिलीत, निदान वस्तरा तरी आधी त्याच्याकडे जाऊ दे." आप्पाजीरावांनी मान खाली घातली. "चुकलं आमचं."

कृष्णाजीराव जाऊन पाटावर बसले. इतकी देखणी मिशी पाहून न्हावीही घुटमळला.

"काढ रे, बघतोस काय!" राव खेकसले आणि घळाघळा रडले.

युगादीच्या सकाळी कावेरम्मा पदराआड ताट घेऊन आली. तुपात भिजलेले ओबट्टू, म्हणजे तिकडच्या पुरणपोळ्या, वाफ निघत होती. दर वर्षी चार खाऊन पाचवा मागणारा हा माणूस. त्याचा बोडका ओठ पाहून तिला आधी ओळखच पटेना.

"काय झालं हो अण्णा? घ्या, गरम आहेत. स्वल्प तरी."

वासानं कृष्णाजीरावांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. हात सवयीनं मिशीकडे गेला आणि रिकामाच खाली आला. चटईवर ते ताठ बसले आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"नको कावेरम्मा. यंदा आम्हाला सुतक आहे."